नखं लावायचे किती, आणि काढायचे किती?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक चोवीस वर्षांची, पुण्यात हिंजवडीला नोकरीला. हातात पस्तीस हजार पगार येतो, त्यातले अडीच-तीन हजार महिन्याला नखांवर आणि पार्लरवर जातात. ताई लिहितात, "आमच्या वेळी नेलपॉलिशची एक बाटली दोन दोन वर्षं पुरायची. ही उधळपट्टी म्हणायची की काळच असा आहे? नखांना अपाय होतो का? तिला थांबवू का? आणि ती म्हणते, आई, तुलाही लावून देते. माझ्या हाताला ते शोभेल का?"

ताई, मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. डोंबिवली पूर्वेला बावीस वर्षं माझं पार्लर आहे. सुरुवात राहत्या घराच्या हॉलमध्ये केली, एक खुर्ची, एक आरसा आणि थ्रेडिंगच्या दोऱ्याचं रीळ. नखांचं काम २०१६ पासून करते. आज दुकानात तीन खुर्च्या आहेत, त्यातल्या दोन फक्त नखांसाठी, आणि घर बऱ्यापैकी त्या दोन खुर्च्यांवरच चालतं. त्यामुळे मी धंद्याची बाजू घेईन असं तुम्हाला वाटलं तर त्यात चूक नाही. पण मी जितकी नखं लावली तितकीच काढलीही आहेत, आणि खरं काय ते काढतानाच दिसतं.

म्हणून लेकीला पहिला प्रश्न हा विचारा: तुझी नखं काढायचे किती घेतात? तिला याचं उत्तर पटकन देता आलं, तर तुमची अर्धी काळजी मिटली असं समजा. नाही देता आलं तर पुढचं नीट वाचा.

नखं लावणं म्हणजे नेमकं काय, ते मुली घरी सांगत नाहीत, म्हणून सांगते. साधी जेल पॉलिश असेल तर नखावर बेस कोट, रंगाचे दोन हात आणि टॉप कोट लावून प्रत्येक थर लॅम्पखाली धरतात. त्या उजेडाने जेल घट्ट होतं आणि दोन-तीन आठवडे टवका न उडता राहतं. एक्स्टेन्शन म्हणजे नखाच्या टोकाला प्लॅस्टिकची टिप चिकटवून किंवा खाली कागदी फॉर्म म्हणजे साचा लावून त्यावर जेल अथवा अ‍ॅक्रिलिक (पूड आणि द्रव कालवून केलेला लेप) चढवायचं आणि फाइलने आकार द्यायचा. माझ्याकडे जेल पॉलिशचे सहाशे, एक्स्टेन्शनचे पंधराशे, रिफिलचे, म्हणजे नख वाढून मुळाशी मोकळी झालेली जागा पुन्हा भरायचे, नऊशे. काढायचे चारशे. पुण्यात चांगल्या वस्तीत याहून जास्त असतील.

आता हिशेब बघा. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तीन आठवड्यांत मुळाशी दोन मिलिमीटरची मोकळी पट्टी दिसायला लागते. ती दिसायला वाईट म्हणून रिफिल करतात असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. नख पुढे सरकलं की वरच्या जेलचा जाड, मजबूत भागही पुढे सरकतो आणि जोर भलत्या ठिकाणी पडायला लागतो. बसचा दांडा पकडताना किंवा गाडीचं दार उघडताना जरा धक्का लागला की लांब नख तरफेसारखं वर उचललं जातं आणि आतलं खरं नखही सोबत उचकटतं. म्हणून तीन आठवड्यांनी रिफिल हवंच. वर्षाला सतरा रिफिल, नऊशेच्या हिशेबाने पंधरा हजार तीनशे, वर पहिल्या वेळचे पंधराशे. म्हणजे तुमच्या लेकीचा वर्षातला अर्ध्या महिन्याचा पगार. पहिल्या दिवशी तिला दिसतात फक्त पंधराशे. एक्स्टेन्शन ही खरेदी नसते, तो हप्ता असतो, आणि हे आम्ही पार्लरवाल्यांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत.

हप्ता चुकतो कधी? महिनाअखेरीला. आणि सगळा अपाय तिथूनच सुरू होतो.

मागच्या वैशाखातली गोष्ट सांगते. एक मुलगी ओढणीत दोन्ही हात गुंडाळून दुकानात आली. दुसऱ्या दिवशी सख्ख्या भावाचं लग्न. आधीची नखं पाच आठवड्यांची झालेली, दोन आपोआप पडलेली. चारशे रुपये कशाला घालवायचे म्हणून उरलेली आठ तिने लोकलमध्ये बसून दाताने आणि क्रेडिट कार्डाच्या कडेने उचकटली होती. मी दिव्याखाली हात घेतले. नखावरचा थर जेलसोबत निघून गेला होता आणि खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, गुलाबी, ओलसर दिसणारं नख उरलं होतं. नुसतं कोमट पाणी लागलं तरी ती हात मागे घेत होती. तिला नवीन सेट हवा होता, पैसे जास्त द्यायचीही तयारी होती. मी नाही लावला. कडा हलक्या हाताने गोल केल्या, तेल लावलं आणि सांगितलं की मेंदी काढ, बांगड्या भर, नखं अशीच राहू दे. ती रडली. त्या वेळी तिला माझा रागच आला असणार. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत नवीन यायला पाच-सहा महिने लागतात. ती दिवाळीच्या आधी परत आली तेव्हा नखं भरून आली होती.

नीट काढायचं तर वरचा टॉप कोट फाइलने घासायचा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस प्रत्येक नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. जेल सुरकुततं, मऊ होतं, लाकडी काडीने ढकललं की सरकतं. नाही सरकलं तर पुन्हा गुंडाळायचं. जोर लावायचा नाही, एवढंच त्यातलं कसब. हार्ड जेल असेल तर ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, ई-फाइलने म्हणजे आमच्या भाषेत ड्रिलने घासून उतरवावं लागतं, आणि तिथे हात शिकलेलाच हवा. माझा स्वतःचा हात सुरुवातीला शिकलेला नव्हता. पहिल्याच वर्षी एका बाईच्या चार नखांवर मी ड्रिल कलतं धरलं आणि मुळाशी लाल चंद्रकोरीसारख्या खाचा पडल्या. त्या खाचा नखाबरोबर पुढे सरकत टोकाला जाईपर्यंत त्या बाई दर महिन्याला येत राहिल्या, आणि दर वेळी मी त्या खाचा बघितल्या. त्यानंतर सहा महिने मी ड्रिल फक्त प्लॅस्टिकच्या सरावाच्या हातावर चालवलं.

स्वस्त दुकानांबद्दल एक खूण सांगते. अ‍ॅक्रिलिकमध्ये जो पातळ द्रव वापरतात तो एथिल मेथॅक्रिलेट असायला हवा. त्याचा स्वस्त भाऊ मिथिल मेथॅक्रिलेट. तो नखाला इतका घट्ट बसतो की धक्का लागल्यावर अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं नख फाटतं. अमेरिकेत १९७०च्या दशकातच तिथल्या औषध प्रशासनाने अशा निव्वळ मिथिल मेथॅक्रिलेटच्या मालावर कारवाई केली होती. तरी स्वस्त म्हणून तो जगभर फिरतोच. माझ्याकडे एकदा दुसरीकडे लावलेली नखं काढायला एक बाई आल्या. पाऊण तास फॉइलमध्ये भिजवून जेमतेम वरचा थर मऊ झाला. वास नाकात बसणारा, घासताना भुकटी दगडासारखी. जिथे पूर्ण सेट कुठल्या कुठे स्वस्तात मिळतो आणि दारातच डोक्यात जाणारा वास येतो, तिथे लेकीला बसू देऊ नका.

अपायाचं म्हणाल तर लोक लॅम्पला घाबरतात आणि अ‍ॅलर्जीला घाबरत नाहीत. मला हे उलटं वाटतं. लॅम्पमधून अतिनील किरण येतात हे खरं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पेशींवर या दिव्यांचा प्रकाश टाकला तेव्हा पेशींचं नुकसान झालेलं दिसलं. बशीतली पेशी आणि जिवंत हात यात फरक आहे, पण बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, आणि सनस्क्रीन तर आता घरोघरी असतंच. ते वीस मिनिटं आधी लावावं. एवढं केलं की पुरे.

अ‍ॅलर्जी मात्र एकदा झाली की सहसा जन्मभर सोबत राहते. कच्चं, न वाळलेलं जेल कातडीला वारंवार लागलं की शरीराला अ‍ॅक्रिलेटचं, म्हणजे जेलमधल्या मूळ रसायनांचं, वावडं होतं. बोटांची टोकं खाजतात, लाल होतात, भेगा पडतात, कधी तर बोटं डोळ्यांना लागून पापण्याही सुजतात. यातली गंभीर बाजू अशी की याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांध्यांच्या ऑपरेशनमधल्या सिमेंटमध्येही असतात. विशी-पंचविशीत नखांपायी झालेली अ‍ॅलर्जी साठीत गुडघ्याच्या ऑपरेशनला आडवी येऊ शकते. म्हणून मला भीती पार्लरपेक्षा ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती किटची वाटते. हजारभर रुपयांत जेल, दिवा सगळं मिळतं. दिवा कमजोर, जेल जाड थरात, कडेने कातडीवर ओघळलेलं, वरून वाळलेलं आणि आत कच्चं. युरोपात हीमा नावाचा यातला मुख्य घटक असलेली उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी ठेवली आहेत, आणि टीपीओ या दुसऱ्या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून पूर्ण बंदी आहे. आपल्याकडेही आता टीपीओ-फ्री लिहिलेल्या बाटल्या मिळतात, मी त्याच घेते. लेकीने पैसे वाचवायला असं किट मागवलं असेल तर तेवढं मात्र नक्की थांबवा.

स्वच्छतेचं फार लांबवत नाही. अवजारं प्रत्येक गिऱ्हाइकामागे धुऊन, जंतुनाशकात बुडवून काढलेली हवीत. फाइल नवी हवी, नाहीतर तिच्या नावाची पाकिटात ठेवलेली. मुळाजवळची कातडी कापू द्यायची नाही, नुसती मागे सरकवायची. ती कातडी म्हणजे नखाच्या घराचा उंबरठा आहे, तो तोडला की नखुर्डं होतं. जेल कुठे उचललं गेलं असेल आणि खाली हिरवट डाग दिसला तर वरून रंग मारून झाकायचं नाही, सगळं काढून डॉक्टरांना दाखवायचं.

दवाखान्याचा विषय निघाला म्हणून आठवलं. एका रात्री दुकान बंद करताना एक जोडपं रिक्षातून उतरलं. तिला नववा महिना, दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियनसाठी दाखल व्हायचं होतं. ओटीभरणासाठी लावलेला गडद मरून सेट तसाच होता. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं रीडिंग गडद रंगाने चुकू शकतं, आणि भुलीचे डॉक्टर नखांचा रंगही बघतात, म्हणून हॉस्पिटलने नखं मोकळी करून यायला सांगितलं होतं. खुर्चीत तिला धड बसता येईना. शेवटी मी तिला सोफ्यावर कुशीवर झोपवलं, खाली बसून एकेक बोट सोडवलं, आणि नवरा तिच्या पाठीमागे उशी धरून उभा. पाऊण तासात दहाही मोकळी झाली. मुलगी झाल्याचा फोन त्याने मला दुसऱ्या दिवशी दुपारी केला. कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर दोन दिवस आधी या, एवढंच माझं सांगणं. नर्सचं काम करणाऱ्या मुलींच्या हाताला तर मी एक्स्टेन्शन लावतच नाही. रुग्णांना हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचंच मार्गदर्शन आहे. त्या पायाची नखं रंगवून घेतात आणि खूश असतात.

आता तुमचा मोठा प्रश्न, काळच असा आहे का? म्हणजे हे एवढं का वाढलं? नटण्यावर खर्च आधीही होताच. गावात न्हाव्याला वर्षाचं बलुतं जायचं, नराणीने नखं काढणं त्यातच आलं. बायकांची मेंदी, आलता होता. १९५२ मध्ये लॅक्मे निघाली आणि मग हळूहळू मध्यमवर्गाच्या कपाटात नेलपॉलिश आली. तुमच्यासारखीच माझ्या आईकडेही एकच बाटली होती, घट्ट झाली की ती त्यात रिमूव्हरचे दोन थेंब टाकून हलवायची. हल्ली जे दिसतं ते सलून वेगळं, आणि त्याच्या वाढीमागे रोजगाराचाही भाग आहे. अमेरिकेत १९७५ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित बायकांच्या छावणीत टिपी हेड्रन ही अभिनेत्री जायची. त्या बायकांना तिची नखं आवडली. तिने आपली मॅनिक्युरिस्ट तिथे नेली आणि वीस बायकांना शिकवून परवाने मिळवून दिले. पुढे तिकडच्या नखांच्या धंद्याचा मोठा भाग व्हिएतनामी हातांत गेला. भाषा कमी लागते, भांडवल कमी लागतं, शिक्षण काही महिन्यांचं. आपल्याकडेही तेच चाललंय. मुंबई-पुण्यातल्या सलूनमध्ये ईशान्येकडच्या मुली दिसतात त्या त्याच वाटेने आल्या आहेत, आणि आता कल्याण-बदलापूरच्या मुलीही. माझ्याकडची एक मुलगी बारावीनंतर घरी बसली होती, आज धाकट्या भावाची कॉलेजची फी भरते.

गिऱ्हाइकं का येतात ते माझ्या खुर्चीवरून जसं दिसतं तसं सांगते. चेहरा बघायला आरसा लागतो, केस मागून कसे दिसतात ते दुसऱ्याने सांगावं लागतं. हात मात्र दिवसभर स्वतःच्याच डोळ्यांपुढे असतात, कीबोर्डवर, फोनवर, स्टिअरिंगवर. एक बाई मला म्हणाल्या, "कपड्यांच्या दुकानात मला बघून आधीच सांगतात, तुमच्या मापात नाही. इथे कुणी माप विचारत नाही." दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. त्या दीड तासात दोन्ही हात माझ्याकडे असतात. फोन उचलता येत नाही. पाणी दे, डबा भर, मेलला उत्तर दे, काही करता येत नाही. एक शिक्षिका येतात, घरी जुळी मुलं आहेत. दुसऱ्या हाताच्या तिसऱ्या बोटापर्यंत त्या झोपलेल्या असतात. मी आवाज न करता काम करते.

हा दीड तासच किंमतही ठरवतो. थ्रेडिंगला सात मिनिटं लागतात. नखांच्या एका खुर्चीवर दिवसाला पाच, फार तर सहा जणी होतात. भाडं, मुलीचा पगार, वीज, माल आणि उरलं ते माझं. पंधराशेतले फार तर अडीचशे रुपये मालाचे असतात, बाकी सगळी वेळेची किंमत. बिलाबद्दल एक सांगून ठेवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. लेकीच्या बिलात अजून १८ लावत असतील तर तिला विचारायला सांगा.

उधळपट्टी का, याचं माझं उत्तर असं. तिची बचत आधी बाजूला पडत असेल, क्रेडिट कार्डावर नखं लावत नसेल आणि काढायचे चारशे शिल्लक ठेवत असेल, तर तिला लावू द्या. ओढाताण होत असेल तर एक्स्टेन्शन सोडून आपल्याच नखांवर साधी जेल पॉलिश लावावी. रंगात आणि नक्षीत पैसे वाचवावेत, खडे-बिडे नकोत, हवं तर एकाच बोटावर. काढण्यात मात्र वाचवू नये. सलग चार-पाच वेळा लावल्यावर मी महिनाभर नखं मोकळी ठेवायला सांगते, आणि झोपताना मुळाशी खोबरेल तेल. मोकळी असताना पातळ झालीत का, डाग आहेत का, हे डोळ्यांना दिसतं. त्या महिन्याचे पैसेही राहतात. थांब म्हणून सांगाल तर ती घरी येताना नखं काढून येईल, आणि घाईत कशी काढेल ते वर सांगितलंच आहे.

आणि तुमचा हात. तुम्ही कणीक मळता, भाकरी थापता, तेव्हा एक्स्टेन्शन नकोच. नखाखाली पीठ जातं आणि निघता निघत नाही. तुमच्याच नखांना बोटाच्या टोकाबरोबर आकार द्यायला सांगा आणि वर जेल पॉलिश. फिकट गुलाबी किंवा पांढरा घेऊ नका, आठवड्याभरात हळदीने पिवळा पडतो. डाळिंबी, जांभळट किंवा विटकरी घ्या, सावळ्या हातावर हे रंग फार खुलतात. माझ्याकडच्या निवृत्त झालेल्या एक काकू दर गौरीला डाळिंबीच लावून घेतात. भांडी घासताना हातमोजे घालणं जमलं तर दोनाचे तीन आठवडे टिकेल. लेकीबरोबर जाल त्याच दिवशी काढायची तारीखही घेऊन ठेवा, दोघींची एकदमच.